अमेरिकेत चायनीज शिकवायचंय? मग आधी चाओ मास्तर समजून घे

पुण्याहून एका मुलीचा प्रश्न आलाय. बीकॉम झाल्यावर चार वर्षं चायनीज शिकली, एचएसके या चायनीजच्या सरकारी परीक्षेची पाचवी लेव्हल काढली, आता अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत चायनीज शिकवायचं डोक्यात आहे. विचारते की आपण ना चिनी ना अमेरिकन, आपल्याला तिथे कोण उभं करणार, आणि हा विषय तिथे मुळात उभा केला कोणी, मिशनऱ्यांनी, सीआयएनी की चीन सरकारनी?

मी मूळचा सांगलीचा, मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत वीसेक वर्षं फर्स्ट इयर चायनीज शिकवतोय, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठचा वर्ग. तू वयाने बरीच लहान असशील म्हणून सरळ अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. तुझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आधी घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे. आणि त्यासाठी तुला एका माणसाची गोष्ट ऐकावी लागेल, चाओ युआन-रन. अमेरिकेत त्यांना वाय. आर. चाओ म्हणतात, मी आपलं मनातल्या मनात चाओ मास्तर म्हणतो.

त्यांच्या आधी काहीच नव्हतं असं नाही. येलने 1870 च्या दशकातच विल्यम्स नावाच्या एका म्हाताऱ्या मिशनरी-डिप्लोमॅटला चायनीजचं प्रोफेसर केलं होतं. हार्वर्डने 1879 ला निंगपोहून ग खुन्ह्वा नावाच्या एका पंडितांना बायकामुलांसकट बोलावून घेतलं, ते दरबारी झगा घालून शिकवायचे, विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक तर लॅटिनचा प्रोफेसर. 1882 च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने बिचारे गेले आणि वर्ग तिथेच बंद पडला, तो पुढे चाळीसेक वर्षं. म्हणजे खुर्ची होती, पैसे होते, माणूस होता, पण भाषा शिकवायची कशी याची पद्धतच नव्हती. चायनीज म्हणजे जुने ग्रंथ, समोर चित्रलिपी, डिक्शनरी घेऊन बसायचं आणि एकेक अक्षर उकलायचं. बोलायचं कुणाशी?

चाओ जन्मले तिएनचिनला, 1892 साली, घराणं चांगचौचं. आजोबा सरकारी नोकरीत, बदल्या व्हायच्या, त्यामुळे पोरगं लहानपणीच गावागावाच्या बोली उचलत गेलं (आपल्याकडे बँकेतल्या किंवा रेव्हेन्यूतल्या माणसांची मुलं कशी कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी सगळ्याची नक्कल करतात, तसंच). 1910 ला बॉक्सर नुकसानभरपाईच्या (1900 च्या बॉक्सर बंडानंतर चीनकडून वसूल केलेल्या) पैशांतून निघालेल्या स्कॉलरशिपवर सत्तर मुलं अमेरिकेला निघाली, परीक्षेत हा दुसरा, आणि पुढे विचारवंत म्हणून प्रचंड गाजलेला हू श पंचावन्नावा. कॉर्नेलला गणित, हार्वर्डला फिलॉसॉफीत 1918 ला पीएचडी, मग परत कॉर्नेलला फिजिक्स शिकवलं. हे मुद्दाम सांगतोय कारण तू बीकॉम आहेस म्हणून कमीपणा घेतेस असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं. ज्या माणसाने हा विषय उभा केला त्याच्याकडे चायनीजची एकही डिग्री नव्हती.

1920 ला इंग्लिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल चीनला व्याख्यानं द्यायला गेले तेव्हा दुभाषी हाच. चांगशाला जाताना बोटीत एका हुनानी सोबत्याकडून तिकडची बोली शिकत गेला आणि तिथे पोचल्यावर त्याच बोलीत रसेलचं व्याख्यान सांगितलं. संपल्यावर श्रोत्यांतला एक येऊन विचारतो, तुम्ही हुनानमधल्या कुठल्या तालुक्यातले? कान असावा तर असा. पण नुसता कान नाही हं, कान पुष्कळांना असतो. ऐकलेलं कागदावर मांडता येणं आणि मग दुसऱ्याच्या तोंडातून ते काढून घेता येणं हे खरं मास्तरचं काम, आणि चाओंनी पुढची पन्नास वर्षं हेच केलं.

1921 ला लग्न करून परत हार्वर्डला आले, फिलॉसॉफी शिकवायला, आणि तिथेच चायनीजचा वर्गही घ्यायला लागले. गंमत म्हणजे याच सुमारास आपले धर्मानंद कोसंबी हार्वर्डलाच विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या कामावर होते. त्यांचे शिष्य पु. वि. बापट पुढे हार्वर्डलाच गेले आणि पाली ग्रंथ चिनी भाषांतराशी ताडून बघत पीएचडी केली. म्हणजे मराठी माणूस आणि चायनीज आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी हे त्रिकूट तुला वाटतं तेवढं नवीन नाही. फक्त तेव्हाचं ते चायनीज ग्रंथातलं, जिभेवरचं नाही. चाओंची लढाई जिभेसाठी होती.

या लढाईत ते सुरुवातीला कसे तोंडघशी पडले तेही ऐक. चीनमध्ये राष्ट्रभाषेचा उच्चार ठरवायला कमिटी बसली होती, कमिटीने सगळ्या प्रांतांना खूश करायला म्हणून एक खिचडी उच्चार तयार केला, जो कुणाच्याच घरी बोलला जात नव्हता. त्याच्या ग्रामोफोन रेकॉर्ड कोणाकडून करून घ्यायच्या? चाओंकडून, कारण असली कृत्रिम भाषा सफाईने बोलू शकणारा तोच एक. नंतर सगळा बेत बदलला, सरळ पेकिंगचा (म्हणजे आजच्या बीजिंगचा) उच्चार धरायचं ठरलं आणि रेकॉर्ड पुन्हा. म्हातारपणी ते हसून सांगायचे की कोट्यवधी लोकांची म्हणून ठरवलेली भाषा तेरा वर्षं मी एकटाच बोलत होतो! मला विचारशील तर पुढच्या त्यांच्या सगळ्या शिकवण्याचं मूळ इथे आहे. कमिटीने कागदावर बनवलेली भाषा नाही, समोरचा माणूस खरंच बोलतो ती.

1925 ते 38 ते चीनमध्ये होते, छिंगह्वा युनिव्हर्सिटीत आणि मग बोलींच्या सर्व्हेवर, गावोगाव रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन. त्या काळातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक म्हणजे 1930 ला त्यांनी टोन (आवाजाचा चढउतार, ज्याने शब्दाचा अर्थच बदलतो) मांडायची पाच पायऱ्यांची पट्टी काढली, सर्वात खालची 1 आणि सर्वात वरची 5. पहिला टोन 55, दुसरा 35, तिसरा 214, चौथा 51. आज आशियातल्या टोनच्या भाषांचं वर्णन करताना लोक बहुधा हेच आकडे लिहितात. दुसरी म्हणजे ग्वोयू रोमात्स नावाची रोमन लिपी, जी 1928 ला तिथल्या सरकारने मान्य केली. यात टोन दाखवायला डोक्यावर रेघा नाहीत, स्पेलिंगच बदलतं. तुला एक उदाहरण माहितीये, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही: शेजारशेजारचे दोन प्रांत आहेत, दोन्हीचं नाव शानशी, फरक फक्त पहिल्या अक्षराच्या टोनचा. इंग्लिश नकाशात एकाला एक 'ए' आणि टेराकोटा सैनिकवाल्या शीआनच्या प्रांताला दोन 'ए'. ते दोन 'ए' म्हणजे तिसरा टोन, चाओंच्या लिपीचं उरलेलं शेपूट.

सगळे या लिपीला अवघड म्हणायचे आणि आहेच ती अवघड. पण त्यामागचं डोकं बघ. रेघ वर काढून दिली की विद्यार्थी रेघेला दागिना समजतो, कानातल्यासारखी, घातली काय न घातली काय. स्पेलिंगमध्येच टोन घातला तर तो शब्दापासून सुटा होतच नाही. आजही माझ्या वर्गात पहिल्या टेस्टला निम्मी पोरं पिनयिन (चीनची आजची सरकारी रोमन लिपी) अचूक लिहितात आणि रेघा शेवटी घाईत मारतात, सणासुदीला दारात घाईघाईने रांगोळीचे ठिपके टाकावे तशा. तेव्हा मला चाओ मास्तर आठवतात.

1938 ला युद्धामुळे घर सोडलं, आधी हवाई, मग 1939 ला येल, 41 ला परत हार्वर्ड. थोड्या दिवसांसाठी म्हणून निघालेला माणूस पुन्हा चीनमध्ये राहायला गेलाच नाही, नुसता भेटीला गेला, 1973 आणि 1981 ला. पण अमेरिकेतलं चायनीज जे उभं राहिलं ते याच युद्धात. अमेरिकन आर्मीला माणसं हवी होती, ग्रंथ वाचणारी नाही, काही महिन्यांत समोरच्याचं ऐकून उलट बोलू शकणारी. हार्वर्डमधला आर्मीचा चायनीज कोर्स चाओंकडे, आणि येलमध्ये जॉर्ज केनेडी, जे चीनमध्येच जन्मलेले मिशनऱ्यांचे चिरंजीव, त्यांनी तिथली येल रोमन लिपी तयार केली. पद्धत साधीच होती: भाषाशास्त्राचा माणूस येऊन थोडक्यात समजावणार, मग लहान लहान गट करून ज्याची मातृभाषा आहे असा माणूस तासन्‌तास घोटून घेणार, आणि लिपी उशिरा. अक्षर दिसलं की डोळा पुढे धावतो आणि कान झोपतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या कोर्सच्या तालमीतून 1948 ला मँडरिन प्रायमर नावाचं त्यांचं पुस्तक आलं. धडे चोवीस, पण पहिल्या धड्याच्या आधी एक 'पाया' आहे, त्याचे चार भाग: टोन, अवघड आवाज, आवाजांची सगळी व्यवस्था, आणि शेजारी आल्यावर टोन कसे बदलतात ते. हे पक्कं झाल्याशिवाय 'मी, तू, तो' सुद्धा नाही. पहिला धडा येतो तो नेमका याच 'तू-मी-तो'वरचा विनोदी गोंधळ आहे, कोण कोणाला 'मी' म्हणतोय यावर माणसं हुज्जत घालतात. रटाळ 'हे पुस्तक आहे, ती पेन्सिल आहे' असलं काही नाही. विनोदी माणूस होता. पेकिंगच्या बोलचालीत 'ॲलिस इन वंडरलँड'चं भाषांतर 1922 लाच करून मोकळा झालेला, आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार 'श'च होतो अशी नव्वदेक अक्षरांची सिंह खाणाऱ्या कवीची गोष्टही त्याचीच, यूट्यूबवर तू ऐकली असशीलच. लोक ती गोष्ट 'चायनीज रोमन लिपीत लिहिताच येत नाही' याचा पुरावा म्हणून दाखवतात. चाओंचं म्हणणं वेगळं होतं, जुनी ग्रांथिक भाषा लिहिता येत नाही, बोलीभाषा खुशाल लिहा.

आता 'पाया' म्हणजे काय ते माझ्या वर्गातलं सांगतो. गेल्या वर्षी एक मुलगा होता, घरची मक्याची शेती, हुशार, पाठांतर एक नंबर. बाजाराचा संवाद चालू होता. चायनीजमध्ये 'माय' तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे विकत घेणे आणि चौथ्या टोनमध्ये म्हणजे विकणे. त्याला विचारायचं होतं, विकतोस की नाही, माय पु माय. पहिला 'माय' छान खाली पडला, शेवटचा 'माय' मात्र वर गेला, कारण इंग्लिशमध्ये प्रश्न विचारताना शेवट वर जातो आणि ती सवय हाडात असते. त्याला मी तीनदा करून दाखवलं, तो तिन्ही वेळा तसंच म्हणाला आणि वर मला म्हणतो, मी पण तेच म्हणालो ना! त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. इथे चाओंचा जुना दाखला कामी येतो, त्यांनी म्हटलंय की वाक्याचा चढउतार ही मोठी लाट आणि टोन म्हणजे तिच्यावरच्या छोट्या लहरी. प्रश्न विचारताना अख्खी लाट वर उचल, पण चौथा टोन पडलाच पाहिजे, फक्त जरा उंचावरून पडेल. मी त्याला टेबलावरून खडू खाली टाकायला लावला, मग खुर्चीवर उभं राहून टाकायला लावला. दोन्ही वेळा खडू खालीच पडला, आणि पोरगं हसलं, आणि पुढचं 'माय' बरोबर आलं. एका शब्दाला बारा मिनिटं गेली. हे काम आहे. याचा कंटाळा येणार असेल तर दुसरं काही बघ, खरंच सांगतो.

तू मराठी आहेस याचा इथे फायदा आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अमेरिकन पोरांना पिनयिनमधला 'बी' आणि 'पी' यातला फरक समजावताना घाम फुटतो, तोंडासमोर कागद धरून फुंकर दाखवावी लागते. आपल्याला तो प-फ, त-थ, क-ख म्हणून पहिलीपासून येतो. बेइजिंगचा पहिला आवाज खरं तर आपल्या 'प'च्या जवळ आहे, 'ब'च्या नाही. पिनयिनमधला 'झेड' म्हणजे आपल्या चाकातला, चुलीतला 'च', हिंदीवाल्यांना तोही नाही. पण फुशारकी नको कारण टोनमध्ये आपण अमेरिकनांइतकेच ढ. मी ज्या क्लासला सुरुवातीला शिकलो तिथे टोन 'नंतर येतील आपोआप' म्हणून सोडून दिले होते, मी देवनागरीत उच्चार लिहून घ्यायचो आणि देवनागरीत टोन कुठे असतो. तीन वर्षांनी बीजिंगला साध्या दुकानात साखर मागितली आणि बाईने सूप आणून ठेवलं, ते प्यायलो आणि गप्प बसलो. नंतर सगळं पुसून नव्याने शिकायला दोन वर्षं गेली. जुनं मोडून नवं बसवणं हे नवीन शिकण्याच्या दुप्पट.

चाओ 1947 ला बर्कलीला गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. 1945 ला अमेरिकेच्या भाषाशास्त्र सोसायटीचे अध्यक्ष, 1968 ला बोलभाषेचं आठशेच्या वर पानांचं व्याकरण, जे अजून माझ्या टेबलावर असतं, कव्हर सुटलंय. मोठी मुलगी रुलान हिने हार्वर्डला 1947 पासून अनेक दशकं चायनीज शिकवलं, शिवाय संगीत, आणि तिथल्या पहिल्या काही बायका-प्रोफेसरांपैकी एक झाली. बायको यांग बुवेई डॉक्टर होत्या, त्यांनी 1945 ला इंग्लिशमध्ये चायनीज स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, मुलीने भाषांतर केलं, नवऱ्याने मध्ये मध्ये लुडबुड केली, आणि 'स्टर फ्राय' हा शब्द इंग्लिशला त्या पुस्तकाने दिला. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या चायनीज गाडीच्या मेन्यूवरही चाओंच्या घरचा एक शब्द आहे.

मिशनरी आणि सीआयए असं तू विचारलंस. सरळ सांगायचं तर पैसा भीतीतून आला. 1957 ला रशियाने स्पुटनिक सोडला, 1958 ला अमेरिकेने शिक्षणाचा एक कायदा केला त्याच्या नावातच 'डिफेन्स' आहे, आणि त्यात ज्या भाषांना आधी पैसे मिळाले त्यात रशियन, अरबी, जपानी, पोर्तुगीज यांच्यासोबत चायनीज आणि हिंदी-उर्दू सुद्धा. (त्या लाटेच्या मागोमाग मराठीचंही नशीब थोडं उघडलं, फलटणला बसून मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी केलेलं मराठीचं व्याकरण 1975 ला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीकडून निघालं. ते मिळालं तर बघ, आपलीच भाषा परक्याला कशी समजवायची हे त्यात दिसतं.) पण भीतीने पैसा येतो तसा माणूस उडतोही. जॉन डिफ्रान्सिस म्हणून दुसरे मोठे मास्तर. मॅकार्थीच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसं टिपली जात होती तेव्हा, त्यांनी ओवेन लॅटिमोर या चीनविषयक अभ्यासकाची बाजू घेतली आणि नोकरी गेली, काही काळ व्हॅक्यूम क्लीनर विकले, शाळेत गणित शिकवलं. 1961 ला न्यू जर्सीतल्या एका कॅथलिक युनिव्हर्सिटीने, सीटन हॉलने, त्यांना पुस्तकं लिहायला बोलावलं, आणि 1963 पासून त्यांची बारा खंडांची मालिका निघाली जी अमेरिकेत दोन पिढ्यांनी वापरली. त्यात पिनयिन होतं, आणि अमेरिका-चीन राजनैतिक संबंध सुरू व्हायला अजून सोळा वर्षं होती. डिफ्रान्सिस काही चिनी नव्हते, कनेक्टिकटचे होते. तुझ्या 'आपल्याला कोण उभं करेल'चं अर्धं उत्तर इथे मिळालं का?

उरलेलं अर्धं कडू आहे. चाओ जगप्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ होते आणि पहिल्या वर्षाच्या पोरांचे टोन घासून घेणं हे त्यांना आपलंच काम वाटायचं. आज तसं राहिलेलं नाही. डिपार्टमेंटमध्ये दोन जाती झाल्यात म्हण हवं तर, वर प्रोफेसर, जे साहित्य नाहीतर इतिहासावर संशोधन करतात आणि टेन्युअर म्हणजे कायमची नोकरी मिळवतात, आणि खाली आम्ही लेक्चरर, जे आठवड्याला पंधरा-सोळा तास शिकवतात आणि एक-दोन, फार तर तीन वर्षांच्या करारावर असतात. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला मला कमिटीतल्या एकाने विचारलं होतं की पालकांनी विचारलं, आमच्या मुलाला चायनीज इंडियन माणूस का शिकवतोय, तर काय सांगाल? मी म्हटलं, सांगेन की मी या सगळ्या चुका करून मग शिकलोय, जन्मजात बोलणाऱ्याला त्या कुठे होतात हे दिसत नाही. ती नोकरी मिळाली नाही. पुढची याच उत्तरावर मिळाली.

शिवाय विद्यार्थी घटलेत. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मोजणीत कॉलेजमधून चायनीज घेणारे 2013 ला साधारण 61 हजार होते, 2021 ला 46 हजारांच्या आसपास. त्यामुळे थेट नोकरी शोधत येऊ नकोस. परकीय भाषा म्हणून चायनीज शिकवणे, यात एमए करता येतं, असा प्रोग्राम बघ जिथे टीचिंग असिस्टंटशिप मिळते म्हणजे फी माफ आणि महिन्याचा थोडा पगार, आणि पहिल्याच सेमिस्टरला वर्ग हातात येतो. फी भरून एमए करायला येऊ नकोस, या पगारात ते कर्ज फिटत नाही. आधी एखादं वर्ष तैवान किंवा चीनमध्ये काढलंस तर उत्तम. अर्जासोबत शिकवण्याचा व्हिडिओ मागतात, तो पुण्यातल्या क्लासमध्ये नवीन मुलांना टोन शिकवतानाचा कर, साहित्यावर भाषण देतानाचा नको.

आणि एचएसके पाच झालंय म्हणतेस तर मोबाईलवर एवढं रेकॉर्ड कर: 'वो हन हाओ', मी ठीक आहे, तिन्ही अक्षरं तिसऱ्या टोनची (आणि दोन तिसरे टोन शेजारी आले की पहिला दुसऱ्या टोनसारखा वर चढतो). सावकाश एकदा, भरभर एकदा, आणि एकदा कोणी बरं आहे का विचारल्यावर कंटाळून उत्तर देतात तसं. मग ऐक, 'हन' वर चढतोय का, आणि शेवटचा 'हाओ' पूर्ण खाली बसतोय की अर्ध्यात लटकतोय. चढत नसेल तर चारही टोनचे पायाचे धडे परत काढ, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रेकॉर्ड करून दोन्ही मला पाठव.